थोरली निजते, धाकटी जागते

पुण्यात फ्लॅट, वेल्ह्याकडे वडिलोपार्जित घर आणि मुलगी अमेरिकेत, अशी निवृत्त जोडपी आता नवलाची राहिलेली नाहीत. मुलीकडे जायचे म्हणजे व्हिसाची मुदत पुरेपूर वापरून सहा महिने राहून यायचे. तेवढे दिवस गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात ठेवण्यापेक्षा गावच्या पडवीत लावावी, भावकीतले कोणी येता-जाता नजर टाकील, हा विचार सरळ आहे. पेट्रोलची गाडी असती तर विषय इथेच संपला असता. गाडी विजेची असली की निघायच्या आदल्या रात्री घरात वाद सुरू होतो. प्लग लावून जायचे की काढून? शंभर टक्के भरून ठेवायची की अर्धी? आणि परत येईपर्यंत चार्ज उतरून लाखोंची बॅटरी कायमची गेली तर?

परदेशी सल्ल्यांत या प्रश्नांची उत्तरे असतात, पण ती बहुधा बर्फ, गॅरेज आणि कधी न जाणारी वीज गृहीत धरून दिलेली असतात. भोर आणि वेल्हे हे सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेले तालुके. (वेल्ह्याचे सरकारी नाव आता राजगड तालुका आहे, बोलण्यात वेल्हेच राहिले आहे, म्हणून इथेही तेच.) पश्चिमेकडच्या गावांत पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस, वैशाखात वळवाच्या विजा, डोंगरातून ओढत आणलेल्या उघड्या तारा, आणि वेल्ह्याहून पुण्यात परतायला साठेक किलोमीटर. या चार गोष्टी धरून हिशोब मांडला तर निष्कर्ष निराळा निघतो. गाडी प्लग काढून ठेवण्याची भीती वाटते ती थोरल्या बॅटरीसाठी. दगा मात्र धाकटी देते.

दोन बॅटऱ्या

विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात हे पुष्कळ मालकांनाही गाडी एकदा अडल्यावरच कळते. थोरली सीटांखाली, गाडीच्या तळाशी बसवलेली. तीन-चारशे व्होल्टची, लिथियम-आयन जातीची, मोठ्या गाडीत दोनशे किलोंहून जड. चाके ती फिरवते. धाकटी बहुधा बॉनेटखाली. बारा व्होल्टची, आणि बऱ्याच गाड्यांत अजून जुन्या शिसे-आम्लाच्या जातीचीच, पेट्रोलच्या गाडीत असते तशी. कुलूप, अलार्म, दिवे, काचा, पडदा, आतले लहान-मोठे संगणक आणि मालकाच्या मोबाइलशी बोलणारे सिमकार्ड, हे सगळे बिऱ्हाड धाकटीवर चालते.

गाडी बंद केली की तळातून ‘टक्’ असा आवाज येतो. तो कॉन्टॅक्टर नावाच्या जाड विद्युत-खटक्यांचा. ते सुटले की थोरलीचा उरलेल्या गाडीशी संबंध तुटतो आणि ती निजते. तिला पुन्हा उठवायचे तर हे खटके जोडायला थोडी वीज लागते, आणि ती द्यायची धाकटीने. धाकटी मेलेली असेल तर थोरली ऐंशी टक्के भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही. कणगी भरलेली आणि कोठीची किल्ली विहिरीत, असा प्रकार.

गाडी चालू असताना थोरली आपल्याकडची वीज कन्व्हर्टरमधून उतरवून धाकटीला भरत राहते. गाडी बंद झाली की हे पोसणे थांबते. काही नव्या मॉडेलांत धाकटी खाली गेली की थोरली आपण होऊन जागी होते, तिला थोडे पाजते आणि पुन्हा निजते. आपल्या गाडीत ही सोय आहे का, हे निघण्याआधी पुस्तिकेत पाहावे. पुढचे बरेच काही त्या एका उत्तरावर ठरते.

थोरलीचा हिशोब

हिशोबाला ३० युनिटची बॅटरी धरू. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची ३०.२ युनिटची होती, म्हणजे उदाहरण हवेतले नाही. लिथियम-आयन सेल नुसता पडून राहिला तर महिन्याला साधारण एक ते दोन टक्के उतरतो. दोन टक्केच धरू: महिन्याला ०.६ युनिट, सहा महिन्यांत ३.६. गाडी धाकटीला स्वतःहून भरणारी असेल तर तो खर्च वर. निजलेल्या गाडीची गळती ३० मिलिअँपिअर मानली तर बारा व्होल्टला ०.३६ वॉट होते, आणि ७२० तासांच्या महिन्याला पाव युनिटाहून किंचित जास्त. वाटेतली तूट धरून सहा महिन्यांचे दोन युनिट म्हणू. एकूण साडेपाच-सहा. साठ टक्क्यांवर लावलेली गाडी सहा महिन्यांनी चाळिशीच्या आसपास भेटेल.

चाळीस टक्के म्हणजे बारा युनिट. चढउताराच्या रस्त्यावर किलोमीटरला १५० वॉट-तास धरले तर साठ किलोमीटरला नऊ युनिट लागतात. पुणे गाठता येते. मन धजत नसेल तर एक रात्र गावच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर लावून सकाळी निघावे.

हा हिशोब निजलेल्या गाडीचा आहे. तिला सारखे हलवून उठवले की तो कोलमडतो. मोबाइलवरच्या ॲपने चौकशी केली की काही गाड्या खरोखर जाग्या होतात, आणि जागी गाडी शे-दीडशे वॉट सहज खाते. लगेच निजतही नाही. दीडशे वॉटने पाव तास म्हणजे एका चौकशीला ३७ वॉट-तास. न्यू जर्सीत झोपेचे वेळापत्रक बिघडून पहाटे तीनला जागे झालेले गृहस्थ दिवसातून दहा वेळा ‘गाडी ठीक आहे ना’ पाहू लागले, तर थोरलीतून रोज सव्वा टक्का जाईल, महिन्यात सदतीस. हा बोजा धाकटीवर पडत असेल तर ती दुसऱ्या दिवशीच मान टाकील. उभ्या गाडीभोवती कॅमेऱ्यांचा पहारा चालू ठेवणाऱ्या सोयींचेही तेच. काळजीवाहू मालकाइतका बॅटरीचा वैरी दुसरा नाही, असे मी गमतीने म्हणतो. पण आकडे पाहता ती पुरती गंमत नाही.

आता किती भरून ठेवावी. हा शुद्ध रसायनाचा प्रश्न आहे आणि थोडे थांबून पाहण्याजोगा आहे. बॅटरी भरताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. ग्रॅफाइट आणि आतला द्रव यांच्या सीमेवर एक पातळ पापुद्रा असतो. तो संरक्षक आहे, पण हळूहळू जाड होत जातो आणि जाड होताना थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. गाडी चालो वा न चालो, हे चालूच असते. यालाच बॅटरीचे नुसत्या काळाने म्हातारे होणे म्हणतात. बॅटरी जितकी भरलेली आणि जितकी तापलेली, तितका हा पापुद्रा झपाट्याने वाढतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी चढले की वेग दुपटीच्या घरात जातो.

भाटघरचे धरण काठोकाठ भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे कोणी हात न लावता उघडतात आणि जादा पाणी वेळवंडीतून नीरेला जाते. बॅटरीला असा सांडवा नसतो. शंभर टक्के भरून सहा महिने ठेवली तर तो ताण आतल्या आत सोसला जातो, आणि त्याची किंमत पुढे दर वर्षी थोड्या कमी झालेल्या पल्ल्यात मोजावी लागते.

सगळ्या बॅटऱ्या इथे सारख्या नाहीत. निकेल-मँगेनीज-कोबाल्ट जातीचा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टला पोचतो. त्या दाबाखाली त्याची धन बाजूही झिजू लागते. लोह-फॉस्फेट जातीचा, म्हणजे एलएफपी, ३.२ व्होल्टच्या आसपास नांदतो आणि स्वभावाने शांत असतो. भारतातल्या पुष्कळ विजेच्या गाड्या आज याच जातीच्या बॅटरीवर चालतात. रांजणगावला बनणारी नेक्सॉन काय किंवा चाकणला बनणारी महिंद्राची नवी मॉडेले काय. ही जात ज्या १९९७ सालच्या शोधनिबंधाने जगापुढे आली, त्याच्या लेखकांत जॉन गुडइनफ यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी ही नावे आहेत. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी २०१९ चे नोबेल विभागून मिळाले.

एलएफपीची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी. तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. वीस टक्क्यांना आणि ऐंशी टक्क्यांना फरक व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आतबाहेर. त्यामुळे गाडीला उरलेला चार्ज व्होल्टेजवरून नीट वाचता येत नाही, किती वीज आत गेली आणि किती बाहेर आली याची वही ठेवावी लागते. सहा महिने पडून राहिल्यावर त्या वहीत चूक साचते आणि पडद्यावरचा आकडा एकाएकी उडी मारतो. उपाय सोपा: परत आल्यावर एकदा सावकाश शंभर टक्के भरायची. वरच्या टोकाला व्होल्टेज चढतो, तिथे वही जुळते आणि सेलही एकमेकांशी समान होतात. ‘एलएफपी नेहमी शंभर टक्के भरा’ हा सल्ला रोज चालणाऱ्या गाडीचा आहे. तो उभ्या गाडीला लावणे ही गल्लत आहे, आणि ती सर्रास होते.

दुसरे टोक जास्त वाईट. पाच टक्क्यांवर गाडी सोडून गेलात आणि सेल आपल्या किमान व्होल्टेजच्या पुष्कळ खाली घसरला, तर ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा द्रवात विरघळू लागतो. पुढे भरताना तेच तांबे भलतीकडे जाऊन बसते आणि आतल्या आत शॉर्टसर्किटचा धोका निर्माण होतो. म्हणून बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा अशा सेलला भरायलाच नकार देते. हे नुकसान भरून निघत नाही, आणि निष्काळजीपणा म्हणून वॉरंटीत बसेलच असेही नाही. वीस टक्क्यांखाली गाडी लांबच्या मुक्कामाला कधीही सोडू नये. वरची मर्यादा साठ-सत्तरची. मला विचाराल तर सहा महिन्यांसाठी साठ आणि पंधरा दिवसांसाठी पन्नास. दोन दिवसांसाठी विचारच करू नये. वेल्ह्यात गाडी लावून तोरणा चढावा, बुधला माचीवरून डोंगरधारेने राजगड गाठावा आणि दोन दिवसांनी गाडीकडे परतावे. आकडा फार तर एखाद्या टक्क्याने हललेला दिसेल.

उन्हाचे एवढेच, की थोरलीचे वजन इथे कामी येते. एवढा जड ठोकळा दुपारच्या चार तासांच्या उन्हाने तापत नाही. तो दिवस-रात्रीच्या सरासरीला राहतो. पण पत्र्याच्या शेडमध्ये ती सरासरीच चढते. कौलारू पडवी उत्तम.

धाकटीचा हिशोब

धाकटी साधारण ४५ अँपिअर-तासांची धरू. शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे वापरायला २२. गळती तीच ३० मिलिअँपिअर: दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. २२ ला ०.७२ ने भागले तर तीस दिवस. हा सगळ्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा आकडा. थोरली सहा महिने आरामात काढते. धाकटी, तिला कोणी भरत नसेल तर, एका महिन्यात धापा टाकू लागते, आणि पुण्याच्या हवेत तीन-चार वर्षे काढलेली धाकटी तेवढेही टिकत नाही.

त्यात कोणी पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम बसवला असेल तर पाहायलाच नको. तीन वॉटचा कॅमेरा दिवसाला ७२ वॉट-तास खातो, म्हणजे सहा अँपिअर-तास. चौथ्या दिवशी खेळ आटोपतो. भरलेल्या धाकटीचा व्होल्टेज १२.६-१२.७ असतो, अर्धीचा १२.२ च्या आसपास, आणि ११.८ दिसला तर ती रिकामी समजावी. रिकामी तशीच पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. मग ती भरूनही पूर्वीसारखी होत नाही.

यावर उपाय तीन. पहिला माणसाचा: भावकीतल्या एखाद्या जाणत्या पुतण्याला किल्ली द्यावी आणि दर पंधरा दिवसांनी गाडी ‘रेडी’ स्थितीत, म्हणजे नुसती सुरू करून, तासभर उभी ठेवायला सांगावी. पंधरा दिवसांत गेलेले अकरा अँपिअर-तास थोरली तेवढ्या वेळात बऱ्यापैकी परत घालते, आणि स्वतःचे पाव-अर्धा युनिट खर्च करते. धुराचा त्रास नाही, आवाज नाही. पेट्रोलची गाडी अशी दहा मिनिटे चालू करून बंद करणे हा उलट अपाय असे. इथे तसे नाही. जाताना पुतण्याने घाटातून एक चक्कर मारून आणली तर टायर आणि ब्रेक दोन्ही खूश.

दुसरा उपाय पान्याचा: धाकटीची काळी, म्हणजे ऋण वायर काढून ठेवणे. गळती थांबते, उरते ते धाकटीचे स्वतःचे उतरणे, महिन्याला तीन ते पाच टक्के. सहा महिन्यांत ती पाऊण भरलेली राहते. मात्र यातले पथ्य पाळावे. पुस्तिकेत हे चालते असे लिहिलेले असावे. गाडी बंद करून ती पुरती निजेपर्यंत काही मिनिटे थांबावे. आणि वायर सुटली की सेंट्रल लॉक, अलार्म, ॲप सगळे मुके होते हे लक्षात ठेवावे. दार मग रिमोटच्या पोटात लपवलेल्या लोखंडी किल्लीनेच लावायचे आणि उघडायचे. ती किल्ली दारात खरेच फिरते का, हे आधी एकदा पाहून घ्यावे. बरेच जण तिला पहिल्यांदा बाहेर काढतात ते संकटाच्या दिवशी. तिसरा उपाय म्हणजे धाकटीला भिंतीवरच्या छोट्या चार्जरवर ठेवणे. तो चांगला आहे, पण वीज अखंड हवी.

आणि इतके करूनही धाकटी मेलीच तर? घाबरू नये. पेट्रोलच्या इंजिनाला ढकलायला शेकडो अँपिअर लागतात. इथे फक्त संगणक उठवून कॉन्टॅक्टर जोडायचे असतात. वाडीतल्या ट्रॅक्टरची किंवा पिकअपची बारा व्होल्टची बॅटरी धन-ऋण नीट पाहून जोडली तर काही क्षणांत थोरली जागी होते आणि पुढचे तीच पाहते. उलट मात्र करू नये. विजेच्या गाडीवरून दुसऱ्याचे इंजिन सुरू करून द्यायला बहुतेक पुस्तिकांत मनाई असते.

प्लग लावूनच ठेवला तर?

शहरातला साधा सल्ला असा, की प्लग लावून ठेवा म्हणजे काळजी नको. वेल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एखाद्या वाडीत तो मला पटत नाही.

एक तर ज्या गाडीत चार्जची मर्यादा ठरवता येत नाही, ती प्लगवर राहिली तर शंभर टक्क्यांवर जाऊन बसते, म्हणजे वर सांगितलेले सगळे दुखणे विकत घेतले. दुसरे, प्लग लावल्याने धाकटी भरत राहील अशी समजूत असते. अनेक गाड्यांत थोरली भरून झाली की चार्जर निजतो आणि धाकटीकडे कोणी पाहत नाही. प्लग लावलेली गाडीसुद्धा धाकटीपायी अडलेली सापडते ती यामुळे. तिसरे कारण खास इथले. डोंगरातून आलेल्या उघड्या तारांवर जवळपास वीज पडली तर दाबाची लाट तारेने घरात येते. लाइट जाऊन येतानाही झटका बसतो. प्लग काढलेल्या गाडीला त्या तारेशी काही देणेघेणे नसते. प्लग लावलेली गाडी त्या वेळी तारेचे शेवटचे टोक असते, आणि आत असतो महागडा चार्जर.

शिवाय अर्थिंग. अंगणाच्या कोपऱ्यात मीठ-कोळसा घालून पुरलेली पट्टी पावसात छान काम करते. चैत्र-वैशाखात मुरूम आणि खाली बेसाल्ट वाळून खडखडीत झाले की तिचा रोध चढतो, आणि गाडीचा चार्जर लाल दिवा लावून बसतो. तो बिघडलेला नसतो. तो योग्य तेच सांगत असतो. अशा वेळी अर्थिंगला बगल देणारा जुगाड कोणी सुचवला तर ऐकू नये. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतावे, आणि तेवढ्याने भागले नाही तर वायरमन बोलवावा.

पावसाळी मुक्काम

बॅटरीचे खोके बहुतेक गाड्यांत आयपी-६७ दर्जाचे असते: एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. पावसाला ते पुरून उरते, पुराला नाही. गुंजवणी, कानंदी, नीरा यांच्या काठच्या सखल खाचराशेजारी गाडी लावू नये, आणि कापलेल्या दरडीखालीही नाही. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान वादळाच्या समुद्री पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांना नंतर आगी लागल्या; खारे पाणी वीज उत्तम वाहते म्हणून. आपल्याकडचे पाणी गोडे, धोका कमी, पण बुडालेली गाडी सुरू करून पाहायची नाही. उचलून न्यायची.

खरा उपद्रव उंदीर-घुशींचा. खाचरे भरली की शेतातले उंदीर घराच्या आश्रयाला येतात आणि बॉनेटखालची कोरडी जागा त्यांना आवडते. परत आल्यावर गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून टॉर्चने पाहावे. कुरतडलेल्या वायरी सहसा बारा व्होल्टच्या असतात. नारिंगी रंगाची जाड केबल कुरतडलेली दिसली तर हात लावू नये, सर्व्हिस सेंटरला फोन करावा.

ब्रेकचेही ध्यानात ठेवावे. विजेची गाडी बरीचशी मोटरने थांबते, त्यामुळे डिस्क आधीच कमी घासलेल्या असतात. भोरच्या श्रावणात त्यांवर गंजाची साय धरते आणि ओढलेल्या हँडब्रेकचे लायनर चिकटून बसते. गाडी सपाटीला लावावी, ‘पी’मध्ये ठेवावी, चाकांना दगडाची उटी लावावी, हँडब्रेक सोडता येत असेल तर सोडावा. टायरमध्ये दोन-चार पौंड हवा जास्त. आत बुरशी धरू नये म्हणून सीटवर टॉवेल, छत्र्या, खाऊचे डबे काही ओले-खरकटे ठेवू नये. परतल्यावर पहिले दोन-चार किलोमीटर सावकाश, मधूनमधून ब्रेक दाबत.

निघायच्या दिवशी शेवटची एक गोष्ट. काळी वायर सोडवायला लागणारा दहा नंबरचा पाना काम झाल्यावर सवयीने गाडीच्या डिकीत टाकला जातो. डिकीचे कुलूप विजेवर चालते, आणि वीज तर तुम्ही नुकतीच तोडलेली असते. पाना पडवीतल्या कोनाड्यात ठेवा.